प्रतिमा संपादन सॉफ्टवेअरच्या साहाय्याने साध्या व्यंगचित्रघटकांचे रेखाटन : अध्यापन साहित्याच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापनात चित्राचे महत्त्व आता कोणी नाकारत नाही. मात्र हे चित्र कोठून आणावयाचे, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक प्राध्यापक एकाच रीतीने देतात. महाजालावर शोध घ्यावयाचा, त्यातल्या त्यात बरे दिसणारे चित्र उतरवून घ्यावयाचे आणि ते स्लाइडवर चिकटवावयाचे. वर्गातील अध्यापनासाठी भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये काही सवलती आहेत. परंतु तेच चित्र पुढे क्रमिक पुस्तकात, विकावयाच्या टिपणांत किंवा सार्वजनिक चित्रफितीत गेले, तर त्या सवलती आपोआप लागू होतात असे समजून चालता येत नाही. ही अडचण सर्वांना ठाऊक असते आणि तिच्याकडे सोयीस्कर दुर्लक्षही केले जाते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. उसने आणलेले चित्र नेहमीच विषयाशी प्रामाणिक असते असे नाही. पावसाच्या थेंबाचे उदाहरण घ्यावे. वर टोक आणि खाली फुगीर पोट अशी थेंबाची आकृती जगभर प्रचलित आहे. प्रत्यक्षात पडणारा थेंब तसा कधीच नसतो. सुमारे एक मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचा थेंब पृष्ठताणामुळे जवळजवळ गोल असतो. त्याहून मोठा थेंब खालून येणाऱ्या हवेच्या दाबामुळे तळाशी चपटा होतो आणि बेकरीतील गोल पावासारखा दिसतो. आणखी मोठा झाल्यास तो फुटतो. टोकदार आकार क्षणभर दिसतो तो नळाच्या तोंडाशी लोंबणाऱ्या, सुटण्याच्या बेतात असलेल्या थेंबाचा. भूगोलाचा किंवा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक हे जाणतो. तयार चित्र काढणारा अनामिक चित्रकार बहुधा जाणत नाही. यास्तव साधे चित्र काढण्याचे काम, चित्रकलेचे शिक्षण नसले तरी, विषयतज्ज्ञानेच करणे इष्ट ठरते. हे काम वाटते तितके अवघड नाही. प्रस्तुत लेखात ‘गिंप’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या आधारे थेंबाचे एक बोलके पात्र तयार करण्याच्या ओघात या कामाचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

साधेपणामागील तत्त्व

व्यंगचित्र म्हणजे कमी कौशल्याने काढलेले चित्र, हा समज दूर करणे आवश्यक आहे. त्यात काय ठेवावयाचे यापेक्षा काय वगळावयाचे याचा निर्णय महत्त्वाचा असतो. शि. द. फडणीस यांची शब्दांविना हसविणारी चित्रे आणि बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी त्यांनी काढलेली चित्रे मराठी वाचकांच्या परिचयाची आहेत. ठाम बाह्यरेषा आणि सपाट रंग एवढ्या सामग्रीवर ती उभी आहेत. तशी रेषा संगणकाने मिळत नाही, हे उघड आहे. त्या चित्रांमागील शिस्त मात्र शिकता येते.

या संदर्भात जिनेव्हा येथील रोडोल्फ टोपफर (१७९९–१८४६) या शिक्षकाची आठवण अप्रस्तुत ठरू नये. त्याचे वडील चित्रकार होते. त्यालाही चित्रकारच व्हावयाचे होते. परंतु नेत्रविकारामुळे तो मार्ग सोडावा लागला आणि तो निवासी शाळा चालवू लागला. विद्यार्थ्यांच्या करमणुकीसाठी त्याने काढलेल्या चित्रकथा आज आधुनिक कॉमिक्सचा आरंभ मानल्या जातात. १८४५ मध्ये त्याने चेहऱ्यावरील भावांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. मानवी चेहरा कितीही अनघडपणे काढला तरी त्यावर कोणता ना कोणता निश्चित भाव उमटतोच. म्हणून एकेक अवयव बदलत जावे आणि काय उमटते ते पाहावे, असे त्याचे प्रतिपादन होते. कलेतिहासकार गोम्ब्रिच याने १९६० मधील आपल्या ग्रंथात या विचाराला ‘टोपफरचा नियम’ असे संबोधले. टोपफरला प्रत्येक बदलासाठी नवा चेहरा काढावा लागे. आजच्या प्राध्यापकाला केवळ भुवई बदलावी लागते. फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे.

साधनाची निवड

‘गिंप’ची निर्मिती १९९५ मध्ये बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केली. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. ते विनामूल्य असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत परवान्याचा खर्च न करता ते प्रत्येक संगणकावर बसविता येते, ही गोष्ट ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने लहान नाही. ‘फोटोशॉप’ उपलब्ध असल्यास पुढील सर्व कृती त्यातही करता येतात. केवळ आज्ञांची नावे बदलतात.

या सॉफ्टवेअरची एक मर्यादा आरंभीच लक्षात घ्यावयास हवी. त्यातील चित्र लहान लहान रंगीत चौकोनांचे, म्हणजे पिक्सेलांचे बनलेले असते. ते लहान करता येते. पण मोठे केले की कडा धूसर होतात. त्यामुळे फलक पुरेसा मोठा घेऊनच आरंभ करावा. २४०० गुणिले १८०० पिक्सेलांचा फलक इंचाला ३०० या घनतेने छापला असता ८ गुणिले ६ इंचांचे चित्र मिळते. हस्तपत्रिकेसाठी आणि पडद्यासाठी तेवढे पुरते. भिंतीवरील मोठे तक्ते करावयाचे असल्यास ‘इंकस्केप’सारखे सदिश रेखाटनाचे सॉफ्टवेअर अधिक योग्य होय.

देहाची घडण

नवशिका पहिल्यांदा ब्रश उचलतो आणि माउसने थरथरती रेषा काढून निराश होतो. व्यंगचित्रघटक काढण्याची योग्य वाट ब्रशाची नसून निवडीची आहे. कागद कापून चिकटकाम करावे, तसे येथे आकार कापून घ्यावयाचे असतात.

प्रथम ‘नवा थर’ घ्यावा. थर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. प्रत्येक अवयवासाठी वेगळा थर, हा या कामातील पहिला आणि कधीही न मोडावयाचा नियम होय. त्यानंतर लंबवर्तुळाकार निवडीचे साधन घेऊन फलकाच्या मध्यभागी आकार ओढावा. ओढत असताना शिफ्टची कळ दाबून ठेवली की पूर्ण वर्तुळ मिळते. कंट्रोलची कळ दाबली की आकार मध्यापासून चहूकडे वाढतो. येथे एक गोंधळ हमखास होतो. याच कळा माउसचे बटन दाबण्यापूर्वी दाबल्या, तर त्यांचा अर्थ बदलतो. तेव्हा शिफ्ट म्हणजे आधीच्या निवडीत नवी मिळविणे आणि कंट्रोल म्हणजे तीतून वजा करणे. कळ आधी की बटन आधी, एवढ्यावर सर्व अवलंबून आहे. हे न कळल्यामुळे अनेकांनी हे साधन कायमचे बाजूला ठेवले असेल, यात नवल नाही.

लहान थेंबासाठी वर्तुळ पुरे. मोठ्या थेंबासाठी आडवे लंबवर्तुळ घ्यावे आणि त्याच्या तळाचा पट्टा आयताकृती निवडीने वजा करावा. आता तळ सपाट झाला, पण दोन्ही बाजूंचे कोपरे टोचतात. निवड आधी वीस-पंचवीस पिक्सेलांनी आकसवून पुन्हा तेवढ्याच पिक्सेलांनी वाढविली की कोपरे आपोआप गोलावतात. सिलेक्ट या सूचीतील श्रिंक आणि ग्रो या दोन आज्ञा त्यासाठी आहेत. यात हाताचे कौशल्य कोठेही लागलेले नाही.

बाह्यरेषा काढण्याची युक्तीही अशीच आहे. संपूर्ण निवड काळ्या रंगाने भरावी. मग निवड बारा पिक्सेलांनी आकसवावी, नवा थर घ्यावा आणि आतील भाग फिकट निळ्या रंगाने भरावा. कडेला उरलेली काळी पट्टी हीच बाह्यरेषा. इंचाला ३०० या घनतेने ती छापील कागदावर सुमारे एक मिलिमीटर जाड दिसते. चित्र १०२४ पिक्सेल रुंदीचे करून पडद्यावर दाखविल्यास ती पाच पिक्सेल उरते आणि शेवटच्या बाकावरूनही दिसते. वर्गासाठी काढलेल्या चित्रांत रेषा फार बारीक ठेवणे हा सर्वांत मोठा दोष होय. काढणाऱ्याचे डोळे पडद्यापासून दीड फुटावर असतात. विद्यार्थ्यांचे तीस फुटांवर.

चेहरा आणि भाव

डोळ्यांसाठी दोन पांढरी लंबवर्तुळे आणि त्यांत दोन काळे ठिपके पुरेसे आहेत. पांढरा भाग एका थरावर आणि बुबुळे दुसऱ्या थरावर ठेवावीत. बुबुळांचा थर वीस पिक्सेल उजवीकडे सरकविला की थेंब उजवीकडे पाहू लागतो. जलचक्राच्या चित्रात ही किरकोळ गोष्ट मोलाची ठरते. कारण विद्यार्थ्याची नजर पात्राच्या नजरेमागे जाते. थेंब ढगाकडे पाहत असेल तर बाणाची गरज अर्धी कमी होते.

भुवया आणि ओठ यांसाठी ‘पाथ’ हे साधन वापरावे. यात रेषा ओढावयाची नसते. बिंदू ठेवून त्यांमधील वक्र वाकवावयाचा असतो. या वक्रांचे गणित १९६० च्या सुमारास फ्रान्समधील मोटार उद्योगात विकसित झाले. सिट्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्झो आणि रेनो कंपनीतील पिएर बेझिए यांनी ते स्वतंत्रपणे मांडले. नाव मात्र बेझिए याचे रूढ झाले. मोटारीच्या पत्र्याची वळणे नेमकी सांगता यावीत म्हणून शोधलेले साधन आज थेंबाचे हसू काढण्यास उपयोगी पडते. ओठासाठी केवळ दोन बिंदू ठेवावेत आणि मधला भाग खाली ओढावा. वक्र मनासारखा झाल्यावर स्ट्रोक पाथ ही आज्ञा द्यावी. तीत ब्रशाने रेखाटण्याचा पर्याय निवडून ब्रशाच्या गतीचे अनुकरण करण्याची खूण केली, तर रेषा टोकांना निमुळती होते आणि यांत्रिकपणा कमी होतो. पाथ चित्रापासून वेगळा जतन होत असल्याने उद्या तोच वक्र पुन्हा वाकविता येतो.

आता टोपफरचा प्रयोग करून पाहावा. भुवयांची आतली टोके खाली आणली की राग, वर नेली की चिंता, सरळ ठेवली की शांतपणा. ओठ वर वळलेला, खाली वळलेला आणि सरळ. तीन भुवया आणि तीन ओठ मिळून सहा थर होतात. त्यांच्या जोड्या मात्र नऊ होतात. थरांपुढील डोळ्याची खूण चालू-बंद करीत गेले की नऊ चेहरे दिसतात. यांतील काही अनपेक्षित असतात. रागीट भुवया आणि हसरे ओठ एकत्र आले की थेंब खट्याळ वाटू लागतो. हा भाव काढण्याचे कोणी ठरविलेले नसते. थरांना ‘भुवई-चिंता’, ‘ओठ-हसू’ अशी नावे आरंभीच द्यावीत. नाव न दिलेल्या चाळीस थरांत ओठ शोधणे हे चित्र नव्याने काढण्यापेक्षाही कष्टाचे असते.

संवादाचा फुगा आणि देवनागरी

इंग्रजी मार्गदर्शिका या ठिकाणी अपुऱ्या पडतात, म्हणून या घटकाचा थोडा विस्ताराने विचार करणे भाग आहे. फुग्याची रचना थेंबासारखीच आहे. लंबवर्तुळाकार निवड, तिला पाथने काढलेल्या शेपटीची जोड, काळा रंग, आकसलेली निवड आणि पांढरा रंग. शेपटीचे टोक पात्राच्या तोंडाकडे असावे. ते तोंडाला चिकटू नये.

तथापि फुगा आधी आणि मजकूर नंतर हा क्रम मराठीत हमखास फसतो. मजकूर आधी टंकित करावा आणि फुगा त्याभोवती बेतावा. इंग्रजी कॉमिक्समध्ये मजकूर बहुधा मोठ्या लिपीतील अक्षरांत असतो. त्या अक्षरांना रेषेच्या वर किंवा खाली काही नसते, म्हणून ओळी जवळजवळ बसविता येतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार असतात, तर खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय असतात. इंग्रजीचे अंतर जसेच्या तसे ठेवले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. शिवाय शिरोरेषांमुळे मजकुराचा ठोकळा आडवा व जड दिसतो. गोल फुग्यापेक्षा कडा गोलावलेला आयत मराठी मजकुराला अधिक शोभतो, तो यामुळेच. ओळ शब्द तोडून भरण्याची रूढी मराठीत नाही. त्यामुळे ‘बाष्पीभवनामुळे’ यासारखा एक लांब शब्द अख्ख्या फुग्याची रुंदी ठरवितो. अशा वेळी फुगा रुंद करण्यापेक्षा वाक्य बदलावे. ‘ऊन लागले, मी उडालो’ हे वाक्य थेंबाच्या तोंडी अधिक शोभते आणि कमी जागाही घेते. पारिभाषिक संज्ञा फुग्याबाहेर, चित्राखाली द्यावी.

अक्षरसंचाची निवड हाही दुर्लक्षित विषय आहे. युनिकोडपूर्व अक्षरसंचांत टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो संच नसेल तर रोमन चिन्हांचा कचरा होऊन दिसतो. या त्रासाचा अनुभव प्राध्यापकांच्या एका संपूर्ण पिढीला आहे. युनिकोडमधील मुक्त परवान्याचे अनेक संच आज उपलब्ध आहेत. ‘एक टाइप’चा ‘बालू’ गोलसर आणि ठळक आहे, तर ‘कलम’ हस्ताक्षराच्या वळणाचा आहे. व्यंगचित्रांसाठी दोन्ही चालतात. ‘गिंप’ जोडाक्षरे व्यवस्थित जुळविते. ‘फोटोशॉप’मध्ये मात्र दक्षिण आशियाई लिप्यांची मांडणी निवडलेली नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि जोडाक्षरे सुटतात. शैक्षणिक फलकांवर ‘विज्ञान’ हा शब्द अशा मोडक्या अवस्थेत पाहावा लागतो, तो बव्हंशी याच कारणाने. चूक टंकणाऱ्याची नसते, पण दुरुस्त न करणाऱ्याची निश्चितच असते.

मजकुराचा थर शेवटपर्यंत मजकूर म्हणूनच ठेवावा. तो चित्रात विलीन करू नये. तसे केले तर तेच चित्र इंग्रजी माध्यमाच्या वर्गासाठी पाच मिनिटांत बदलता येते.

रंग, जतन आणि छपाई

रंग बाह्यरेषेच्या खालच्या थरावर भरावा. रेषेच्याच थरावर रंग ओतल्यास कडेला पांढरट किनार राहते. कारण रेषेच्या कडांवरील पिक्सेल पूर्ण काळे नसून करडे असतात आणि रंग त्यांच्यापाशी थांबतो. हाताने काढून स्कॅन केलेल्या रेखाचित्रात रेषा कोठे तरी तुटलेली असते व रंग बाहेर सांडतो. त्यासाठी २०१९ मधील २.१०.१० या आवृत्तीपासून ‘गिंप’च्या रंग भरण्याच्या साधनात रेषा ओळखून फटी बुजविण्याची सोय आली आहे. रंग तीन-चारांहून अधिक घेऊ नयेत. छाया-प्रकाशाच्या तयार परिणामांचा मोह आवरावा. त्यांनी चित्र चकचकीत होते, बोलके होत नाही.

काम एक्ससीएफ या स्वरूपात जतन करावे. त्यात थर, पाथ आणि मजकूर सुरक्षित राहतात. वापरासाठी प्रत काढावयाची ती पीएनजी स्वरूपात. जेपीईजी हे छायाचित्रांसाठी बनलेले स्वरूप आहे. ते प्रतिमेचे आठ गुणिले आठ पिक्सेलांचे तुकडे करून बारीक तपशील गाळते. छायाचित्रात ते खपून जाते, परंतु काळ्या रेषेभोवती त्यामुळे मळकट ठिपक्यांची साय धरते. पीएनजीमध्ये असे काही गळत नाही आणि पार्श्वभूमीही पारदर्शक राखता येते, म्हणजे थेंब कोणत्याही स्लाइडवर पांढऱ्या चौकोनाशिवाय बसतो.

पडद्यावर सुंदर दिसणारे चित्र विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा छायाप्रतीच्या रूपानेच पोहोचते. तेथे निळा थेंब आणि हिरवे पान एकाच करड्या रंगाचे होऊन जातात. म्हणून प्रत काढण्यापूर्वी चित्राची नक्कल करून तिच्यावर डीसॅच्युरेट ही आज्ञा चालवावी आणि घटक वेगळे दिसतात की नाही हे पाहावे. दिसत नसल्यास एका घटकाचा रंग अधिक गडद करावा किंवा तेथे रंगाऐवजी नक्षी भरावी. आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’चा चौकटीचा कोट वृत्तपत्राच्या साध्या काळ्या शाईतही लगेच ओळखू येतो. पानाला तिरप्या रेषा आणि जमिनीला ठिपके दिले, तर कोरा ठेवलेला थेंब चौथ्या पिढीच्या छायाप्रतीतही हरवत नाही.